कृष्णेतला गाळ काढला की सांगलीचा पूर थांबेल?

पावसाळा जवळ आला की सांगली-कोल्हापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: कृष्णा-पंचगंगेची पात्रं गाळानं उथळ झालीत, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणानं त्यात भर घातली, गाळ काढला की पूर येणार नाही, आणि मोजमापात वेळ घालवण्यापेक्षा सरळ पोकलेन लावा. 2019 ला सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट. ज्यांच्या घरात ते पाणी आलं त्यांचा राग रास्तच आहे. मेसेजमधला हिशोब मात्र जमत नाही.

‘गाळ काढला की पूर येणार नाही.’

पन्नास किलोमीटर लांब आणि 100 मीटर रुंद पात्र सरसकट एक मीटर खोल करायचं म्हणू. 50 लाख घनमीटर गाळ निघेल, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या पाच लाख खेपा. एवढं करून जागा झाली जेमतेम 0.18 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). एकट्या कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसी आहे. नदीतून 2 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 2 लाख घनफूट पाणी वाहत असेल तर ही नवी जागा पंधरा मिनिटांत भरते. खरं तर ती भरायचीही उरत नाही, पूर येण्याआधीच तिच्यात पाणी उभं असतं.

यावर कुणी म्हणेल, नदी म्हणजे टाकी नव्हे, खोली वाढली की पाणी लवकर पुढे सरकेल. बरोबर आहे, पण पुढे सरकायला पुढची पातळीही उतरावी लागते. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम फुगल्या की संगमाचं पाणी मागे दाटतं, त्यात इथला उतार फार कमी. अशा वेळी सांगलीपुरता तळ खणला तर तिथे डोह तयार होतो, पाण्याची वरची पातळी फारशी हलत नाही. शिवाय मोठ्या पुरात बरंचसं पाणी पात्राबाहेर, शेतांतून आणि वस्त्यांतून पसरलेलं असतं. त्याच्या वाटेत पुलांचे भराव, अपुऱ्या मोऱ्या, बुजवलेले ओढे आणि निळ्या पूररेषेच्या आतली, म्हणजे मनाईच्या पट्ट्यातली बांधकामं आहेत. ती खणून निघत नाहीत आणि हटवायला गेलं की कुणाचं तरी नाव येतं. गाळाचं बरं असतं, त्याला सातबारा नसतो.

‘पात्र गाळानं भरलंय, उन्हाळ्यात बघा.’

उन्हाळ्यातली नदी बघून तळ वर आला की खाली गेला हे कळत नाही. तेव्हाची पातळी ठरते धरणातून सोडलेल्या पाण्यावर आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेत की काढलेत यावर. बंधाऱ्यांच्या मागे गाळ साठतो हे खरंय, तिथे मोजून काढायला हरकत नाही. पण नदीभर साठलाय म्हणायचं तर उलट दिशेच्या गोष्टीही धराव्या लागतील. वरून येणारी जाड वाळू कोयना, वारणा, राधानगरी, दूधगंगा या धरणांत अडते. खाली वर्षानुवर्षं वाळूउपसा झाला, त्यानं तळ खालीच जातो. पुराच्या लाल पाण्यातला बारीक गाळ बराचसा पुढे वाहतो, काही काठावर बसतो. त्याच मळईच्या रानात कृष्णाकाठची वांगी पिकतात.

‘आलमट्टीमुळे गाळ साचला.’

धरणाच्या फुगवट्याच्या (मागे साठलेल्या पाण्याच्या) शेपटाला, जिथे वाहत्या पाण्याचा वेग मोडतो, तिथे गाळ आधी बसतो हे खरं. म्हणून बघायचं ते सांगलीच्या खाली, कर्नाटकातल्या हिप्परगीपासून राजापूर बंधाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात, आयर्विन पुलाखाली नव्हे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही, सांगलीतल्या अनेकांना ते पटलेलं नाही. आता धरणाची पातळी 519.6 वरून 524.256 मीटरवर नेण्याचा प्रस्ताव आहे. या वादात आपल्या बाजूनं बोलायचं तर त्या पट्ट्यातले दरवर्षीचे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत मोजलेल्या तळाचे आलेख, हातात हवेत.

‘मोजायचं काय त्यात, डोळ्यांना दिसतंय.’

सगळ्यात चुकीचं वाक्य हे. पूर चढताना नदी तळ खरवडते आणि उतरताना पुन्हा भरते, त्यामुळे एका दिवशी पाहिलेल्या तळावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही काठांवर पक्के खांब रोवून त्याच रेषेत, त्याच बेंचमार्कवरून (उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून), पावसाळ्याआधी आणि नंतर आडवा छेद घ्यायचा. पाण्याखालचा तळ इको साउंडरनं (ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्रानं), काठ जीपीएसनं. उपग्रहाच्या चित्रात काठ सरकलेला दिसतो, गढूळ पाण्याखालचा तळ दिसत नाही.

याहून स्वस्त तपासणीही आहे. केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रं कृष्णेवर अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला, वारणेवर समडोळीला, पंचगंगेवर तेरवाडला आहेत. एकाच केंद्रावर ठरावीक विसर्गाला, समजा 50 हजार क्युसेकला, वीस वर्षांपूर्वी पाणी किती उंचीवर होतं आणि आज किती, हे लावून बघायचं. पातळी वर्षागणिक चढत असेल तर पात्र आक्रसलंय असं म्हणायला आधार मिळतो. मग ते गाळानं, झाडोऱ्यानं की खालच्या फुगवट्यानं, हे छेद सांगतील. पातळी जागच्या जागी असेल तर पोकलेनचं टेंडर कशासाठी निघतंय, एवढं तरी विचारता येईल.