शेपटी धरा जरा, मालक

"मी प्राण्यांमध्ये काहीतरी करणार," असं कन्येने बारावीत असतानाच जाहीर केलं. पशुवैद्यकीय पदवी म्हणजे आधी 'नीट', मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. एवढं दावं गळ्यात बांधून घेण्याआधी कामं डोळ्यांनी बघून घे, असं मी म्हणालो. घरात लायसन एकट्या माझ्याकडेच, त्यामुळे मलाही ती बघावी लागली.

सुरुवात तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यापासून. खोड्यात गाय उभी. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवला. गाय गाभण आहे का, बघायचं होतं. पांढऱ्या शर्टातल्या मला म्हणाले, "शेपटी धरा जरा, मालक." मी कशाचाच मालक नव्हतो, पण धरली. त्यांचा हात कोपराच्याही आत गेला. चेहरा माळ्यावरच्या पेटीत चाचपडत किल्ली शोधणाऱ्याचा. "तीन महिने," ते म्हणाले आणि त्याच क्षणी गाईनेही आपलं म्हणणं मांडलं. तो शर्ट आता गाडी पुसायला आहे. कन्या मात्र विचारत होती, "सर, मी हात घालून बघू?"

पाठोपाठ पोट फुगलेला बैल आला. "काय खाल्लं?" "काय न्हाय सायेब, रोजचंच." तिसऱ्यांदा दरडावल्यावर लग्नातला उरलेला भात बाहेर आला, बैलाच्या नव्हे, मालकाच्या तोंडून.

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये फार थांबलो नाही. तिथल्या शॅम्पूचा भाव ऐकून मला शिंका आल्या.

शेळीपालनात मात्र मीच घसरलो. शेळी १५० दिवसांत विते, जुळी करडंही नेहमीचीच. मी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला, तर दहा शेळ्यांपासून सुरू करून निवृत्तीपर्यंत कळपाला जिल्हा पुरेना. फार्मवाले शांतपणे म्हणाले, "साहेब, यात एकही करडू मेलेलं दिसत नाही. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची साथ आली की काय करणार?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात एका उस्मानाबादी शेळीने बिल हिशोबासकट खाल्लं.

कन्येचं अजून ठरलेलं नाही. आता रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय बघायचंय. आजवर या प्रकरणात ढुंकूनही न पाहिलेली आमची ही यावेळी स्वतःहून येतेय. बर्फाचा डबा तिने कालच घासून ठेवलाय.