डीआरएल लावल्यावर बॅटरी उतरली: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर. तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा सगळा मजकूर नीट वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथे लिहितो. २,६०० रुपये देऊन आमच्या लातूरच्या दुकानात डीआरएल, म्हणजे दिवसा चालणारे पुढचे लाइट, बसवून घेतले. अंबाजोगाई रस्त्यावर चालत्या गाडीत ते मधेच विझतात, मधेच पेटतात. गाडी चार दिवस घरी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सेल्फ उचलेना. दुकानात फोन केला तर ‘बॅटरी जुनी झाली असेल’ असं सांगण्यात आलं. हेडलाइट लावला की डीआरएल बंद होतात, म्हणजे किटच खराब. निळे मागितले होते, दिले नाहीत. आणि शोरूमवाले आता वॉरंटीचं बोलतात.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींत चूक आमची आहे. बॅटरी जुनी नाही. मंगळवारी तुमचे भाऊ गाडी ठेवून गेले, तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर सोडली. सकाळी १२.६४ व्होल्ट होते आणि लोड टेस्टरवरही ती पास झाली. न मोजता बॅटरीवर ढकलणारं उत्तर दुकानातून जायलाच नको होतं. त्याबद्दल माफी मागतो.

आता खरं कारण. गाडी लॉक करून ४० मिनिटांनी मीटर लावला तर ३८० मिलिअँपिअर करंट जात होता. झोपलेली गाडी, म्हणजे लॉक करून आतले कंट्रोलर शांत झालेली, ५० मिलिअँपिअरच्या आतच असायला हवी. ३८० म्हणजे दिवसाला साधारण ९ अँपिअर-अवर, चार दिवसांत ३६. तुमची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे. सेल्फ उचलणार कुठून?

हा करंट डीआरएलच्या पट्ट्या खात नव्हत्या, त्या विझलेल्याच होत्या. खात होता बीसीएम, म्हणजे गाडीचे लाइट, लॉक, वायपर सांभाळणारा कंट्रोलर. नव्या गाड्यांत पार्किंग लाइटची वायर थेट स्विचवरून येत नाही, बीसीएममधून येते, आणि बल्ब शाबूत आहे का हे बघायला तो त्या वायरवर बारीक पल्स सोडत असतो. आमच्या पोरानं किटच्या मॉड्यूलची सेन्स वायर, म्हणजे लाइट लागला की डीआरएल बंद करणारी वायर, त्याच लाइनला जोडली. मॉड्यूलच्या तोंडाशी कपॅसिटर, म्हणजे थोडा चार्ज साठवणारा भाग, असतो, तो प्रत्येक पल्सला थोडा चार्ज धरतो. त्यामुळे लाइनवर काहीतरी हालचाल चालू आहे असं बीसीएमला वाटत राहिलं आणि तो झोपलाच नाही. सेन्स वायर सोडवली आणि दहा मिनिटांत करंट २४ मिलिअँपिअरवर आला. पुन्हा जोडली, पुन्हा ३८०. दोनदा करून बघितलं.

जोडही चुकीचा होता. निळी दाबायची क्लिप वापरली होती. ती ०.७५ ते २.५ चौरस मिमी वायरची, आणि पार्किंगची मूळ वायर ०.५ ची. बारीक वायरवर तिचं पातं नीट बसत नाही. जोड कधी लागतो कधी सुटतो, आणि सोललेल्या जागी पावसाळ्यात हिरवं धरतं. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल बंपरच्या आत थेट वर उडतो, तिथे अशी क्लिप एक पावसाळासुद्धा काढत नाही. या क्लिपा आम्ही दुकानातून बंद केल्या आहेत.

चालताना विझायचं कारण वेगळं. किटचं मॉड्यूल बॅटरीचं व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे की नाही ते ठरवतं: साधारण १३.२ च्या वर गेलं की लाइट चालू, १२.८ च्या खाली आलं की बंद. जुन्या गाडीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, सतत १४ च्या आसपास देत असतो, तिथे हे बरोबर चालतं. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर स्मार्ट आहे. बॅटरी भरली आणि गाडी एका वेगात चालू लागली की डिझेल वाचवायला तो व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरवतो आणि ॲक्सिलेटर सोडला की पुन्हा १४.५ च्या वर नेतो. म्हणून सरळ रस्त्यावर लाइट विझायचे आणि उतारावर पेटायचे. किटमध्ये बिघाड नाही, पण या गाडीला ते तसं जोडायचंच नव्हतं. गाडी हातात घेताना अल्टरनेटरचा प्रकार बघणं आमचं काम होतं.

नवी वायरिंग अशी होईल. स्मार्ट अल्टरनेटर आणि बीसीएम असलेल्या कोणत्याही गाडीला ही चालते, म्हणून सविस्तर लिहितो. व्होल्टेज बघणारं मॉड्यूल पूर्ण काढायचं, त्याच्या जागी दोन रिले, म्हणजे आतल्या कॉइलला करंट मिळाला की बदलणारे स्विच. खालचे ३०, ८५, ८६, ८७ हे रिलेच्या पिनांचे नंबर; ८५ आणि ८६ कॉइलचे, बाकीचे स्विचचे.

पहिला चार पिनचा. त्याच्या ३० ला बॅटरीच्या प्लसवरून ०.७५ चौरस मिमीची वायर, आणि टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लांब ठेवला तर मधली वायर बॉडीला घासून शॉर्ट झाल्यावर तो काही कामाचा नाही. दोन्ही पट्ट्या मिळून १२ वॅट, म्हणजे जेमतेम १ अँपिअर; १५ चा फ्यूज घालणं म्हणजे वायर जळू देणं. ८६ ला केबिनच्या फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅपनं, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणाऱ्या जोडानं, इग्निशनचा (चावी लावल्यावरच येणारा) करंट, ८५ अर्थला. हा फ्यूज निवडताना बल्बच्या टेस्टरनं तपासायचं नाही, मीटरच लावायचा. काही गाड्यांत १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज चावी बंद केल्यावरही बराच वेळ जिवंत असतो. म्हणून चावी काढून, दार उघडून-लावून, लॉक करून अर्ध्या तासानं पुन्हा मोजायचं. टॅपची दिशाही बघायची. उलटा बसला तर आपला करंट मूळ फ्यूजमधून जातो आणि एक दिवस तो मूळ फ्यूजच उडतो.

दुसरा रिले पाच पिनचा. पहिल्याचा ८७ याच्या ३० ला, आणि डीआरएल याच्या ८७ए ला. ८७ए म्हणजे कॉइलला करंट नसताना जोडलेला पॉइंट. कॉइलच्या ८६ ला पार्किंगची लाइन, पण मधे १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), पांढरी पट्टी रिलेच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडून बीसीएमकडे उलटं काही जाणार नाही. रिले आत रेझिस्टर असलेलाच घ्यायचा, नाहीतर कॉइल सुटताना व्होल्टेजचा मोठा झटका मारते. पार्किंग लागलं की ८७ए सुटतो आणि डीआरएल विझतात.

एकाच रिलेत भागवायचा एक जुना जुगाड आहे: ८६ ला इग्निशन, ८५ ला थेट पार्किंगची वायर, म्हणजे बंद बल्बच्या फिलामेंटमधूनच अर्थ मिळतो. फिलामेंटच्या बल्बवर चालायचा. एलईडी पार्किंग आणि बीसीएमच्या गाडीत तो करूच नये. कुणी स्वस्तात करून देतो म्हटलं तरी नको म्हणा.

अर्थ बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर घेणार नाही. तिथे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा सेन्सर आहे, आणि त्याला वळसा घालून गेलेला करंट त्याच्या हिशोबात येत नाही. हेडलाइटमागे कंपनीचा अर्थ बोल्ट आहे, तिथे वायरच्या टोकाला गोल लग (बोल्टखाली बसणारी कडी) दाबून बसवू. सगळे जोड सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि बाहेरून कापडी टेप. साध्या काळ्या टेपचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली वितळून वायर उघडी पडते. रिले पिना खाली करून लावायचा आणि वायरला कनेक्टरच्या आधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

हेडलाइट लावल्यावर डीआरएल बंद होतात, हे मात्र बरोबर आहे आणि नव्या वायरिंगमध्येही तसंच राहील. डीआरएल उन्हात दिसावा म्हणून बनवलेला असतो. युरोपच्या नियमात त्याची तीव्रता ४०० ते १,२०० कँडेला आहे आणि हेडलाइट लागताच तो आपोआप बंद व्हावा असं सांगितलेलं आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी अरुंद झालेल्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत रात्री हा लाइट गेला तर त्याला कडेचा माणूस दिसत नाही. निळा रंगही बसवणार नाही. त्याच नियमात डीआरएल पांढराच असतो, आणि पुढे निळा दिवा पोलीस-रुग्णवाहिकेचा वाटतो. या दोन बाबतीत तुमची नाराजी राहिली तरी चालेल.

वॉरंटीबद्दल: शोरूम काय ठरवेल ते आम्ही सांगू शकत नाही. आमच्याकडून मूळ वायरचं इन्सुलेशन एकाच जागी कापलं गेलं आहे. ती जागा सोल्डर करून बंद करू, आधीचे-नंतरचे फोटो देऊ, आणि कोणत्या वायरला हात लावला ते बिलावर लिहून सही-शिक्का देऊ.

रिले, वायर, मजुरी यांचा एक रुपयाही लागणार नाही. पहिल्या वेळची ७०० रुपये मजुरी परत मिळेल. किट नकोच असेल तर काढून २,६०० पूर्ण परत.

तोवर एक करा. सेन्स वायर आम्ही सोडवून ठेवली आहे, त्यामुळे बॅटरी उतरणार नाही, पण आता हेडलाइटबरोबर डीआरएलही चालू राहतील. म्हणून बॅटरीजवळचा किटचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. रविवार सोडून कधीही सकाळी दहाच्या आत या. काम अडीच तासांचं आहे, त्यानंतर गाडी लॉक करून तासभर उभी ठेवावी लागेल आणि शेवटचा करंट तुमच्यासमोर मोजू. दोन्ही चाव्या सोबत आणा. चावी गाडीजवळ राहिली तरी काही गाड्या झोपत नाहीत, म्हणून मोजताना त्या लांब ठेवाव्या लागतात.