येशू झालाच नाही म्हणे!

नाताळ जवळ आला की एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: येशू नावाचा माणूस झालाच नाही. त्याच्या हयातीतली एकही नोंद नाही. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथातला उल्लेख पाद्र्यांनी घुसडलेला, रोमन इतिहासकार टॅसिटसचा निव्वळ ऐकीव. शुभवर्तमानांचा, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांचा, एकमेकांशी मेळ नाही, आणि सगळी कथा रोमनांचा मित्र (मिथ्र) व इजिप्तचा होरस या देवांवरून उचललेली. शेवटी एक पुस्ती: झाला असेलच, तर तो काश्मिरात वारला.

मी नास्तिक आहे. पाण्याचा द्राक्षारस झाला, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, यातलं काहीही मला पटत नाही. पण हा मजकूर विवेकवादाच्या नावाने फिरतो, म्हणून त्याची झाडाझडती आमच्यातल्याच कुणीतरी घ्यायला हवी.

हयातीतली नोंद नाही, हे खरंच आहे. पण ती असायला हवी होती का, हे आधी विचारा. येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन अधिकारी पिलात यहूदियात इ.स. २६ ते ३६ अधिकारावर होता. त्याच्यापुढे चाललेल्या एकाही खटल्याचा कागद आज उरलेला नाही. खुद्द त्याचं नाव कोरलेला दगड कैसरियात सापडला तो १९६१ साली. वारुस नावाच्या सेनापतीने एका बंडानंतर सुमारे २,००० जणांना क्रुसावर चढवलं, असं जोसेफस लिहितो. त्या सगळ्या प्रदेशातून खिळा रुतलेलं टाचेचं निर्विवाद हाड मात्र एकच मिळालं, १९६८ साली जेरुसलेमजवळ. गालीलातल्या एका फिरत्या उपदेशकाची सरकारी नोंद त्या काळातून आपल्यापर्यंत पोहोचली असती, तर तेच नवल होतं.

हयातीनंतरचा सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल. त्याची पत्रं इ.स. ५० ते ६०च्या दरम्यानची, म्हणजे क्रुसानंतर वीस-तीस वर्षांतली. पौलाला फक्त स्वर्गातला ख्रिस्त ठाऊक होता, असा युक्तिवाद केला जातो. मग गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा पहिलाच अध्याय उघडून बघा. पौल सांगतो, मी जेरुसलेमला गेलो, येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो; बाकी प्रेषितांपैकी कुणालाही नाही. लगेच देवाची शपथही घेतो. येशू होऊन गेला हे सिद्ध करण्यासाठी तो हे सांगत नाहीये. मी जेरुसलेमवाल्यांचा मिंधा नाही, हे त्याला ठसवायचंय, म्हणून ही भेट त्याला जमेल तितकी छोटी करून सांगायची आहे. अशी अडचणीची कबुली मला दहा स्तुतिस्तोत्रांपेक्षा मोलाची वाटते. पुढच्या अध्यायात याकोबाकडची माणसं अंत्युखियात येतात, पेत्र बिचकतो, विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठतो आणि पौल त्याला तोंडावर फटकारतो. पुराणकथेतल्या देवाचा भाऊ माणसं पाठवून कुणाच्या जेवणावळी मोडत नाही.

आता जोसेफस. त्याच्या ग्रंथाच्या १८व्या भागातला येशूवरचा उतारा आज आहे तसा त्याचा नाही, हे मान्य. ‘हाच ख्रिस्त होता’ असं लिहिणारा माणूस स्वतः यहूदी कसा राहील? बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळ मजकुरात नंतर भर पडली. काहींच्या मते सगळाच घुसडलेला. तो बाजूला ठेवू या. पण २०व्या भागाचं नाव या मजकुरात का नाही? तिथे इ.स. ६२ सालची हकिकत आहे. फेस्तुस हा रोमन अधिकारी वारला, नवा अल्बिनुस अजून वाटेत आहे, तेवढ्यात महायाजक अनानुसने सभा भरवून ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमाराची शिक्षा दिली. शहरातल्या कायद्याच्या पक्क्या लोकांना ते रुचलं नाही, तक्रारी झाल्या आणि अनानुसचं पद गेलं. जोसेफसचा जन्म इ.स. ३७चा; जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यातला हा माणूस तेव्हा पंचविशीत होता. या ओळीत येशूचं कौतुक नाही, चमत्कार नाही. हा कुठला याकोब, एवढं कळावं म्हणून भावाचं नाव आलंय. हीही ओळ मागाहूनची, असं म्हणणारे थोडे आहेत. पण घुसडणाऱ्याने इतकी कोरडी ओळ लिहून हात आखडता का घेतला असता? आणि पौलाचा याकोब व जोसेफसचा याकोब एकच माणूस आहे. पौल अनुयायी, जोसेफस परका. दोघांनाही येशूचा भाऊ माहीत आहे.

टॅसिटसच्या बाबतीत मजकुराचं निम्मं म्हणणं मला पटतं. तो इ.स. ११५च्या सुमारास लिहितो, पिलाताचा हुद्दाही चुकीचा देतो. कैसरियाच्या दगडावर वेगळा आहे. म्हणजे सरकारी दप्तर उघडून त्याने लिहिलं, असं मानायला आधार नाही. स्वतंत्र पुरावा म्हणून मी त्याला कमीच वजन देईन. फक्त तो बनावट म्हणू नका. ख्रिस्ती पंथाला घातक अंधश्रद्धा म्हणणारा उतारा कुठला पाद्री घुसडेल?

शुभवर्तमानांत विसंगती आहेत, आणि ढळढळीत आहेत. मत्तय येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत घालतो, म्हणजे इ.स.पू. ४च्या आधी. लूक तो रोमन अधिकारी क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतो, ती इ.स. ६ची. दहा वर्षांचा घोळ! आपल्याकडे बखर वाचताना जसा तपशील चाळून घ्यावा लागतो, तसाच इथेही. पण बखरीत चुका आहेत म्हणून बखरीतला राजाच नव्हता, असं आपण म्हणत नाही. आणि हा घोळ झाला कशापायी? दोघांनाही येशूला बेथलेहेमात जन्माला घालायचं होतं, कारण मसीहा, म्हणजे यहूदी ज्याची वाट पाहत होते तो तारणहार, तिथला असणार अशी भाकितं होती. माणूस मात्र नासरेथचा म्हणून प्रसिद्ध. नुसतं पात्रच रचायचं असतं, तर बेथलेहेमकर म्हणून मोकळे झाले असते. बाप्तिस्म्याचंही तेच: येशूने तो योहानाकडून घेतला म्हणजे योहान मोठा ठरतो, ही अनुयायांची अडचण. मार्क तो सरळ सांगतो, मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो, चौथ्या शुभवर्तमानात प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचं वर्णनच नाही. अनुयायांना अडचणीची गोष्ट त्यांनी स्वतःहून रचलेली नसणार, हा निकष फार ताणू नये, पण इथे तो लागू पडतो.

मित्र आणि होरस चटकन उरकतो. मित्र खडकातून जन्मला, कुमारिकेपोटी नाही. इसिस देवीला होरस झाला तो नवरा ओसिरिसपासून. पंचवीस डिसेंबर ही तारीख कुठल्याच शुभवर्तमानात नाही. ती चौथ्या शतकातल्या रोमच्या पंचांगात दिसते. ती कुठूनही आलेली असो, माणसाच्या असण्यानसण्याशी तिचा संबंध नाही.

राहिलं काश्मीर. झालाच नाही त्याची श्रीनगरात कबर कशी, हे पाठवणाऱ्यांनीच ठरवावं. येशूच्या भारतवारीची कथा नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ साली गाजवली. लडाखच्या हेमिस मठात तशी पोथी पाहिली, असा त्याचा दावा होता. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले आणि त्यांनी मठाच्या मुख्य लामांना विचारलं. अशी कुठलीही पोथी आपल्याला माहीत नाही, असं लामांनी साफ सांगितलं.