जॉन कॉनर, नवा चेहरा, नवे बिल

‘टर्मिनेटर’ या हॉलिवूड चित्रपटमालिकेतला जॉन कॉनर मानवजातीला वाचवणार, हे आम्ही १९८४ पासून ऐकत आहोत; परंतु या तारणहाराला स्वतःचा चेहरा काही टिकवता आलेला नाही. १९९१ मध्ये एडवर्ड फरलाँग, २००३ मध्ये निक स्टाल, २००९ मध्ये क्रिश्चन बेल आणि २०१५ मध्ये जेसन क्लार्क! भाडेकरूसुद्धा याहून जास्त टिकतात. बरे, नट बदलला याचे दुःख नाही; दुःख हे की, २००९, २०१५ आणि २०१९ अशा तिन्ही वेळा मागच्या कथेची पाटी कमी-अधिक पुसून ‘ही नव्या त्रयीची सुरुवात’ अशी दवंडी पिटली गेली आणि तिन्ही वेळा पुढचा भाग जन्मालाच आला नाही.

पहिला चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये झाला होता, आणि पैसा बेताचा असल्यामुळेच की काय, त्यातल्या अंधाऱ्या रस्त्यांची खरोखर भीती वाटत असे. २०१९ च्या ‘डार्क फेट’वर अंदाजे १८.५ कोटी डॉलर ओतले, जगभरातून २६ कोटींच्या आसपास जमले, त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे गेला आणि जाहिरातींचा खर्च तर वेगळाच. जॉनच्या आईची भूमिका करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनला सन्मानाने परत आणले खरे; पण ज्याला वाचवण्यासाठी तिने जिवाचे रान केले होते, त्या जॉनला मात्र सुरुवातीलाच गोळ्या घालून हे लोक मोकळे झाले!