वेल्समध्ये घर भाड्याने देताय? किल्ली द्यायच्या आधी सॉलिसिटरला विचारा

दोन वर्षांपूर्वी आम्ही लंडनला शिफ्ट झालो आणि कार्डिफचा फ्लॅट भाड्याने दिला. पुण्यातला फ्लॅट देताना एजंटनेच लिव्ह अँड लायसन्सचं सगळं केलेलं, अंगठे लावले की झालं, म्हणून इथेही करार केला की संपलं असंच डोक्यात होतं. पण आपल्याकडे रजिस्टर होतो तो करार आणि लायसन्स मिळतं भाडेकरूला. वेल्समध्ये रजिस्टर व्हावं लागतं मालकाला, आणि घराचं सगळं स्वतः बघणार असाल तर लायसन्सही मालकानेच काढायचं, तेही ट्रेनिंग करून! 'रेंट स्मार्ट वेल्स' या तिथल्या सरकारी यंत्रणेकडे, २०१५ पासून आहे हे. मालक लंडनला असो नाहीतर ठाण्याला, घर वेल्समध्ये असलं की नियम लागू.

आम्हाला कळलं कधी, तर फ्लॅट विकायला काढला आणि भाडेकरूंना नोटीस द्यायची वेळ आली तेव्हा. सॉलिसिटर बाईंनी पहिलंच विचारलं, रजिस्ट्रेशन नंबर? नव्हताच. आणि तो नसेल तर कारण न देता घर रिकामं करायला सांगणारी सहा महिन्यांची नोटीस देताच येत नाही. वर आमचा मित्र दर महिन्याला भाडं घेत होता, दुरुस्त्या बघत होता, तर त्या कामाला त्यालाही लायसन्स लागतं म्हणे. मैत्रीखातर करत होता बिचारा, आमच्यामुळे अडकला असता, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचं सगळं बाईंनी मार्गी लावलं. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि आम्ही फॉर्म एकट्या माझ्या नावाने भरत होतो, तो सुधारून घेतला. डिपॉझिट ३० दिवसांत डिपॉझिट सुरक्षित ठेवणाऱ्या अधिकृत स्कीममध्ये टाकलं होतं का, कराराची लेखी प्रत १४ दिवसांत दिली होती का (डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने ती द्यावीच लागते), वायरिंगचा दर ५ वर्षांनी लागणारा रिपोर्ट, स्मोक अलार्म, एकेक कागद बघितला. डिपॉझिट आणि प्रत, दोन्ही वेळेत झालं होतं म्हणून वाचलो.

फॉर्म ऑनलाइन भरता येतो मग सॉलिसिटरची फी कशाला, असं बरेच जण म्हणतात. फॉर्म भराच तुम्ही, पण आपल्याला नेमकं काय काय लागू होतं हे फॉर्म सांगत नाही. आणि घर घेताना जो सॉलिसिटर होता त्याने सांगितलं असतं की, असंही धरून चालू नका, त्याचं काम खरेदीपुरतं. भाड्याने देणार आहे हे त्याला वेगळं सांगा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आमचं रजिस्ट्रेशन झालं, घर लायसन्सवाल्या एजंटकडे दिलं, नोटीस गेल्या आठवड्यात गेली. आता सहा महिने थांबायचं.