अर्थिंगची पिन तोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाच्याने यंदा मंडळासाठी स्वतः प्लाय कापून १८ इंची बेस स्पीकरच्या दोन पेट्या बांधल्या. काम सुबक झालंय, बघून अभिमान वाटला. मग त्या वाजवायला मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, कुठलं घ्यायचं याची शोधाशोध सुरू झाली आणि ‘घरच्या बेससाठी अॅम्प्लिफायर निवडण्याचे पाच नियम’ हा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला. मलाही तो महिनाभरात चौघांनी पाठवला होता, मी सोडून दिला. पण रविवारी त्याच्या घरी गेलो तर नव्या मशीनच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीने तोडलेली. नियम पाचवा. तेव्हा सुरुवात पाचव्यापासूनच करतो.

मेसेज म्हणतो, स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर मशीनचं अर्थिंग काढून टाका. मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, अर्थिंग लागतं ते फ्रीज-गिझरला.

पिन तोडल्यावर गुणगुण बऱ्याचदा थांबते, हे मान्य. म्हणून तर लोक फसतात. माइक आणि गाणी एकत्र करणारा मिक्सर एका बोर्डवर, मशीन दुसऱ्या बोर्डवर, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातंय आणि मध्ये सिग्नलची वायर. असा वळसा पूर्ण झाला की त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो बेसमध्ये ठळक ऐकू येतो. पिन तोडली की वळसा तुटतो.

पण त्याच वाटेने तुमचा जीव वाचणार होता. मशीनची बॉडी लोखंडी. टेम्पोत हादरे खाऊन आतली फेजची वायर सुटली आणि बॉडीला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह वाहून एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, लगेच पडतो. अर्थिंग नसताना काहीच पडत नाही, २३० व्होल्ट बॉडीवर बसून राहतात. बॉडीला सिग्नलच्या वायरची जाळी जोडलेली, जाळी मिक्सरला, मिक्सर माइकच्या लोखंडी जाळीला. मिक्सरचा अॅडॅप्टर पुष्कळदा दोन पिनांचाच असतो, म्हणजे तिथेही प्रवाहाला जमिनीत जायला वाट नाही. भाद्रपदातला पाऊस, मांडवात चिखल, आणि आरतीला माइक तोंडाला लावून उभं असलेलं अनवाणी पोर. मशीन स्टेजच्या मागे असतं, फेज त्या पोराच्या ओठांपर्यंत आलेला असतो.

ट्रान्सफॉर्मरचा मुद्दा तर साफ चुकीचा. मेनची वायर, स्विच, फ्यूज हे सगळं ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, त्याच लोखंडी पेटीत असतं. हल्लीच्या हलक्या मशीनमध्ये मेनपासून बॉडीपर्यंत छोटे कॅपॅसिटरही असतात. अर्थिंग नसलं की बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या त्यांच्यामुळे. तीन पिनांच्या कुठल्याही चांगल्या मशीनचं माहितीपुस्तक उघडा, सुरक्षेच्या पानावर ही पिन निकामी करू नका असं लिहिलेलं असतं. खोक्यातच असतं ते, वाचा.

गुणगुणीवर उपाय: मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डवरून चालवा आणि मधली वायर बॅलन्स्ड, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी जाळी असलेली, तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरची वापरा. तरीही राहिली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, हवाच. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलाय का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जोडलेला नसेल तर बॉडीत फेज उतरला तरी आरसीसीबी पडणार नाही.

आता नियम पहिला: ‘मशीन स्पीकरपेक्षा कमी वॉटचं घ्या, म्हणजे कॉइल जळणार नाही.’ कॉइल म्हणजे स्पीकरचा कोन हलवणारं तारेचं वेटोळं. छोटं मशीन आपणहून ते जाळत नाही, एवढं खरं. पण मिरवणुकीत कोणी सांभाळून वाजवतं का? आवाज कमी पडला की नॉब वर जातो आणि क्लिपचा दिवा, म्हणजे मशीन ताकदीबाहेर दाबलं जातंय हे सांगणारा, पेटलेलाच राहतो. साइन, म्हणजे गोलसर स्वच्छ लाटेवर ३०० वॉट देणारं मशीन लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत दाबलं तर ६०० वॉटपर्यंत देतं, आणि ५०० वॉटची कॉइल सलग तेवढी उष्णता सोसत नाही. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस२ हे १९८४ सालचं मानक बघा. त्यात स्पीकरला २ तास पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा सलग खळखळाट, देतात आणि त्या आवाजाची शिखरं सरासरीच्या ६ डेसिबल वर, म्हणजे ताकदीत चौपट असतात. त्या चाचणीने ५०० वॉट ठरलेला स्पीकर २००० वॉटची क्षणिक शिखरं आधीच झेलून आलेला असतो. म्हणून त्याला ८०० ते १००० वॉटचं मशीन आणि नीट लावलेला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज रोखणारं साधन, द्या. क्लिपचा दिवा पेटायलाच नको.

दुसरा नियम, चार पेट्या पॅरलल (समांतर) जोडून मशीन ब्रिज करा, म्हणजे त्याचे दोन चॅनेल मिळून एकच करा, ताकद फुकट वाढते. ८ ओहमच्या चार पेट्या म्हणजे २ ओहम, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मे, १ ओहम दिसतात. बहुतेक मशीन तिथे प्रोटेक्टला जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतं, नाहीतर जळतं. त्यात १ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर असेल तर जाऊन-येऊन ०.७ ओहम तिचेच. पाव ताकद वायर तापवण्यात जाते.

तिसरा, लेबलवरचे वॉट बघा. कुठले वॉट? पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतला क्षणिक शिखराचा फुगवलेला आकडा कामाचा नाही. ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला १३८० वॉटच येतात. कॅपॅसिटर क्षणभर धक्का देतील, पण त्या प्लगवरून ५००० वॉटचा सलग बेस निघणार नाही.

चौथा नियम, मोकळ्यावर बेस कमी पडतो म्हणून इक्वलायझरवर ३० हर्ट्झ पूर्ण वाढवा. कमी पडतो हे बरोबर, मैदानात भिंतींची मदत नसते. पण १० डेसिबल वाढवणं म्हणजे मशीनकडे दहापट ताकद मागणं. शिवाय घरी बांधलेली पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली पेटी ४० हर्ट्झला जुळवलेली असेल तर त्याखाली पोर्ट कोनला आवरत नाही. कोन मोकाट हलतो आणि कॉइल मागे आपटते. कॉइल तापून जळायच्या आधीच पेटी जाते. अशा पेटीला ३५ हर्ट्झच्या आसपास २४ डेसिबलचा हायपास, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा फिल्टर, लावा. बेस वाढवायचा तर पेट्या वाढवा आणि जमिनीवर एकमेकींना चिकटवून ठेवा. दोनाच्या चार केल्या आणि प्रत्येकीला आधीइतकीच ताकद दिली तर ६ डेसिबल मिळतात.

भाच्याच्या मशीनला मी त्याच दिवशी नवी तीन पिनांची वायर लावली आणि मिक्सर त्याच बोर्डवर आणला. गुणगुण गेली. तिसऱ्या पेटीचा प्लाय त्याने कापायला घेतलाय.