‘लॅपटॉप नाही, नुसती खेळणी’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

एकच स्टार दिलात, पण कारणंही लिहिलीत म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमची तक्रार अशी की फी कोडिंगची घेतली, पण क्लासात लॅपटॉप नाही, पायथन (टाईप करून लिहायची कोडिंगची भाषा) नाही. पोरं मोबाईलवर सूचनांचे रंगीत ठोकळे सरकवतात, गाडी पळवतात आणि ती गाडीही घरी नेऊ देत नाहीत.

लॅपटॉप मुद्दामच ठेवले नाहीत. आर्वीकडच्या खेड्यांत लाईन कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझा क्लास गावोगावी फिरतो. मायक्रोबिट बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारा खिशात मावेल एवढा संगणक, दोन बारीक सेलवर चालतो. फोनवरून ब्लूटूथने प्रोग्राम एकदा टाकला की सेल काढले तरी तो बोर्डात राहतो.

ठोकळ्यांतही ‘जर-तर’ असतं, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा) असतं, व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) असतं. मेककोडमध्ये, म्हणजे ठोकळे जुळवतो त्या साधनात, एक बटण दाबलं की तेच ठोकळे पायथनमध्ये दिसतात. सहावीच्या पोराचा तास कंस आणि स्पेलिंग शोधण्यात घालवायला मी तयार नाही. आठवीपासून टाईप करायला लावतोच.

आता ती गाडी. खोलीत काळ्या टेपवरून सरळ जाणारी गाडी मागच्या महिन्यात ओसरीत नेली तर भलतीकडेच पळायला लागली. पोरांनी प्रोग्राम तपासला, सेल बदलले, काही नाही. शेवटी एका पोरीने वर वहीचा पुठ्ठा धरला आणि गाडी रेषेवर आली. गाडीखालचा सेन्सर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे) किरण सोडतो. पांढऱ्यावरून ते परत येतात, काळ्यावरून फारच थोडे. उन्हातही तेच किरण असतात, म्हणून त्याला काळं-पांढरं कळेना. मग पोरांनी सेन्सरचे उन्हातले आणि सावलीतले आकडे वहीत मांडले आणि प्रोग्राममधली काळं-पांढरं ठरवणारी मर्यादा बदलली. याला खेळ म्हणायचं तर म्हणा, मी यालाच कोडिंग म्हणतो.

गाडी घरी देत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तीच पुढच्या गावच्या बॅचला लागते. प्रवेशाच्या फॉर्मवर तसं लिहिलं आहे. प्रत्येकाला वेगळा संच द्यायचा तर फी बरीच वाढेल, आणि कापूस विकल्यावरच फी भरणारे पालक माझ्याकडे पुष्कळ आहेत.

मोबाईलची सवय लागेल ही तुमची काळजी मात्र रास्त आहे. म्हणून प्रोग्राम टाकून झाला की फोन टेबलावर जमा करतो. एखाद्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसा. तरीही पटलं नाही तर उरलेल्या महिन्यांची फी परत घेऊन जा.